अर्ध्या कोयत्याच्या वतीने चेअरमनसाहेबांना

मु. पो. सुलतानपूर,
ता. लोणार, जि. बुलढाणा

परमादरणीय चेअरमनसाहेब,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या भागातल्या बायकांवर आपले उपकार फार झाले आणि त्याबद्दल कोणी आपले लेखी आभार मानलेले नाहीत. आपल्या वार्षिक अहवालात सभासदांचे, संचालकांचे, बँकेचे, वाहतूकदारांचेही आभार असतात. जिच्या डोक्यावरून ऊस गाडीत चढतो, तिचं नाव तेवढं राहून जातं. म्हणून तिच्या वतीने मी लिहिते आहे. पाकिटावर कारखान्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. कोल्हापूरपासून अहिल्यानगरपर्यंत कोणत्याही चेअरमनसाहेबांनी ते फोडावं, मजकूर त्यांच्यासाठीच आहे.

आमचं गाव आपल्या ओळखीचं असण्याचं कारण नाही. मेहकरहून जालन्याकडे निघालं की सुलतानपूर लागतं. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं पावसाच्या भरवशावर. दसरा झाला की लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतल्या वाड्यांवरची आणि तांड्यांवरची माणसं आपल्याकडे निघतात. गाडीत गोधड्या असतात, पत्र्याची पेटी असते, पिठाचा डबा असतो, एखादी शेळी असते आणि बायांच्या मांडीवर लेकरं असतात. मी शाळेत शिकवत होते तेव्हा दिवाळीनंतर वर्ग रिकामे व्हायचे. आपला गाळप हंगाम सुरू झाला हे मला वर्तमानपत्रात वाचावं लागत नसे.

पहिले आभार आपल्या हिशेबाचे.

आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्याला, टनाचा भाव कोयत्याला आणि मुकादमाच्या कागदावर अंगठा एकट्या नवऱ्याचा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापणारी, दिवसभर पाचट काढणारी, मोळ्या बांधणारी आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई या कागदावर कुठेच नाही. तरीही एकटा पुरुष कामाला आला की त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याची उचल निम्मी होते. म्हणजे निम्मं काम तिचं आहे, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पैसे कापताना तिचा निम्मा वाटा बरोबर आठवतो. नाव लिहायची वेळ आली की तो आठवत नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला मी विचारलं होतं, करारावर तुझी सही असते का गं? ती म्हणाली, "मॅडम, नाव त्यायचं हाय, कोयता दोघायचा हाय." कामगार कायद्यांचे जाडजूड ग्रंथ ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी हे वाक्य तिथेच लिहून ठेवावं अशी माझी विनंती आहे.

दुसरे आभार आपल्या त्या सुप्रसिद्ध उत्तराबद्दल. "ती आमची कामगारच नाही, मुकादमाची आहे." कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा तिच्या नवऱ्याशी. एवढ्या पायऱ्या उतरून तिच्यापर्यंत येईस्तोवर जबाबदारी नाहीशी झालेली असते. ऊस मात्र त्याच पायऱ्या चढून न चुकता आपल्या गव्हाणीत येऊन पडतो.

हे उत्तर देण्यापूर्वी आपल्या विधी सल्लागारांनी १९६१ चा मातृत्व लाभ कायदा उघडला असता तर बरं झालं असतं. त्यात स्त्री कामगाराची व्याख्या करताना 'थेट किंवा कोणत्याही एजन्सीमार्फत' कामावर घेतलेली, असं स्पष्ट म्हटलं होतं. मुकादम हा माणूस कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हाच होता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तर आणखी पुढे जातो. रोजंदारीवरची असो, कंत्राटदारामार्फत आलेली असो, मुख्य मालकाला तिची माहिती असो किंवा नसो, ती कर्मचारीच आहे असं तो सांगतो. माहिती असो किंवा नसो! आपल्या अज्ञानाची एवढी काळजी संसदेने घेतली आहे, साहेब. आता 'आम्हाला कल्पना नव्हती' हे म्हणण्याचे कष्टही आपल्याला घ्यायला नकोत.

आणि २०२५ पर्यंत लागू असलेला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा. पिण्याचं पाणी, शौचालय, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार या गोष्टी कंत्राटदाराने दिल्या नाहीत तर मुख्य मालकाने द्याव्यात आणि खर्च कंत्राटदाराकडून वसूल करावा, असं त्यात होतं. मजुरी बुडाली तर तीही मुख्य मालकाने द्यायची. आपले वकील म्हणतात की उसाचा फड म्हणजे कारखान्याचं आवार नव्हे. असेलही तसं. पण कोणत्या फडात कोणत्या दिवशी कोणती टोळी घालायची हे आपला शेतकी विभाग ठरवतो, तोडीची चिठ्ठी आपला स्लिपबॉय देतो, वजन आपल्या काट्यावर होतं आणि हंगामाचा पट्टा कधी पडणार हेही आपणच सांगता. माणसाच्या उठण्या-झोपण्याची वेळ ठरवणाऱ्याला मालक म्हणायचं नसेल तर दुसरं काय म्हणायचं, ते कृपया उलटटपाली कळवावं.

तिसरे आभार बाळंतपणांचे. हा विषय जरा लांबेल, आपण सोसून घ्यावं.

मातृत्व लाभ मिळण्यासाठी बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं, एवढीच कायद्याची अट आहे. आपला हंगाम चालतो चार-पाच महिने, कधी सहा. साप्ताहिक सुट्टी फडात नसते. म्हणजे कार्तिकात आलेली बाई पौष संपता संपता ही अट पुरी करते आणि फाल्गुनात त्या अटीच्याही वर काम करत असते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला दोन आठवडे. बाळंतपणानंतर सहा आठवडे तिला जाणूनबुजून कामावर ठेवणं हाच गुन्हा आहे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा काम थांबवण्याचा तिला हक्क आहे. २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे हक्क कायम आहेत.

आपल्या फडात काय होतं ते मी बायकांकडून ऐकलं आहे. सातव्या-आठव्या महिन्यातली बाई मोळी घेऊन फळीवर चढते, कारण ती थांबली तर कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही. पोट दुखायला लागलं की तिला कोपीत नेतात. ताडपत्रीच्या त्या खोपटात शेजारच्या कोपीतली बाई नाळ कापते. चार-सहा दिवसांत बाळंतीण पुन्हा पाचट काढायला बसते. तिला कामावर आपण जाणूनबुजून ठेवलं असं कोण म्हणेल? आपल्याला तर ती आहे हेच माहीत नाही.

हा प्रश्न न्यायालयात सुटलेला आहे, साहेब. दिल्ली महापालिकेत हजेरीपटावर रोजंदारीने रस्ते खोदणाऱ्या बायका होत्या. त्या कायम नोकरीत नाहीत, म्हणून त्यांना मातृत्व लाभ नाही, असं महापालिका म्हणाली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणं फेटाळलं आणि रोजंदारीवरच्या बाईलाही हा लाभ दिलाच पाहिजे असा निकाल दिला. रस्ता खोदणारी आणि ऊस तोडणारी यांच्या पोटात वेगवेगळी बाळं वाढत नाहीत.

महाराष्ट्राच्या पुरोगामीपणावर आपली भाषणं आम्ही ऐकत असतो, तर एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते. गिरणीतल्या बाळंतिणींना रजा आणि पैसे देण्याचं विधेयक १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. खर्चाचा मोठा भार सरकारने घ्यावा, पण बायकांना कामावर घेण्यात मालकाचा फायदा आहे, म्हणून तोही जबाबदारीतून सुटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशातल्या कोणत्याही प्रांताच्या आधी. शंभर वर्षं होत आली. गिरण्या गेल्या, गिरणगावात टॉवर उभे राहिले, पण तो कायदा आपल्या फडापर्यंत काही पोचला नाही. वाटेत कोणी अडवला, हे मी विचारत नाही.

चौथे आभार मानताना हात थरथरतो.

फडात शौचालय नसतं. आंघोळीला आडोसा नसतो. पाळी आली तरी मोळी उचलायचीच, कारण एक दिवस चुकला की खाडा पडतो. मजुरी तर जातेच, वर पाचशे-हजाराचा दंड कापतात असं बायका सांगतात. घाण पाण्यात धुतलेलं तेच ते कापड पुन्हा वापरलं जातं. मग अंगावरून जायला लागतं, कंबर धरते, संसर्ग होतो. गावी परतल्यावर डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाक, कटकट संपेल. बाई हिशेब करते. दर महिन्याचे खाडे एका बाजूला आणि पिशवी एका बाजूला. ती पिशवी काढून टाकते. काही जणी तिशीही न गाठलेल्या असतात.

२०१९ च्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत माहिती दिली की एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांमधून ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा बायकांत एक. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांवर तेव्हा बरंच बोललं गेलं, आणि बोलायलाच हवं होतं. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करता येणार नाही असा नियम आला. पण जिथे ही शस्त्रक्रिया बाईच्या डोक्यात जन्मली त्या फडावर कोणी बोट ठेवलं नाही. खाडा लावणाऱ्याला परवानगी कोणाची लागते?

बीड आमच्यापासून फार लांब नाही. त्याच फडांत, त्याच कोप्यांत आमच्या बायका असतात. बुलढाण्यात अशी मोजणी झाली की काय निघेल, याचा विचार मी रात्री करत नाही. करवत नाही.

म्हणून आपले आभार. एका बाईला महिन्यातले दोन दिवस आणि कायद्याने चार भिंतींचा संडास मिळायला हवा होता. आपण तो खर्च वाचवला आणि तिने तो आपल्या शरीरातून भरला. ताळेबंदात हा खर्च कुठल्याच रकान्यात दिसत नाही, ही आपल्या लेखापालांची कमाल आहे.

पाचवे आभार लेकरांचे.

कारखाने अधिनियम १९४८ सालचा. तीसपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं तो २०२५ पर्यंत सांगत होता. मातृत्व कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला सांगितलं. आपल्या हंगामात तोडीला येणाऱ्या बाया पन्नासच्या किती पट असतात, ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पाळणाघर मात्र आपण अगदी हवेशीर दिलं आहे. बांधावरच्या बाभळीला झोळी. झोळीत धाकटं आणि झोळी हलवायला थोरली. थोरली सात-आठ वर्षांची असते. मी तिला दुसरीत जोडाक्षरं शिकवलेली असतात, ती परत येते तेव्हा विसरलेली असते.

मुलगी थोडी मोठी झाली की आई-बापांपुढे पेच असतो. फडावर न्यावी तर रात्री आडोसा नाही, गावात आजीजवळ ठेवावी तर जीव टांगणीला. मग लवकर लग्न लावून मोकळे होतात. लग्न झालं की एक नवा कोयता तयार. आपल्याला मनुष्यबळाची टंचाई भासू नये म्हणून आमच्या मुली चौदा-पंधरा वर्षांच्या वयापासून झटत आहेत, साहेब. माझ्या हजेरीपटावरची नावं मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावाखाली गेलेली मी पाहिली आहेत. त्याचा राग मला आजही आवरत नाही.

सणांचे आभार राहिले.

आमच्या जिल्ह्याचे मोठे दिवस आपल्या गाळपाच्या तारखा बघून ठरवलेले असावेत, असं कधीकधी वाटतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं असतं. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव. माघात शेगावला गजानन महाराजांचा प्रगटदिन. १५ फेब्रुवारीला तांड्यातांड्यांवर सेवालाल महाराजांची जयंती. होळीला सैलानी बाबांची यात्रा, आमच्या जिल्ह्यातली हिंदू-मुसलमान सगळ्यांची. गेल्या काही वर्षांत रमजानही हंगामात येऊ लागला. दिवसभर पाणी न पिता ऊस उचलणाऱ्या माणसाला संध्याकाळी रोजा सोडायला तासभर द्यावा, एवढंही कोणाला सुचत नाही, कारण गाडी भरायची असते. आपल्या कारखान्यात बॉयलर पेटवताना आणि मोळी टाकताना सत्यनारायण होतो, संचालक सपत्नीक पूजेला बसतात. देवाशी आपलं वाकडं नाही हे दिसतंच. वाकडं आहे ते तिच्या देवाशी, कारण त्याचे सण हंगामात येतात.

मेहकरच्या बाजारपेठेत कापडाच्या मोठ्या दुकानात काम करणाऱ्या पोराला दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या दिल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. मला त्यातलं 'मिळून ठरवायच्या' हे फार आवडलं. आमच्या तांड्यावरची बाई आणि आपण एका सतरंजीवर बसून कोणत्या चार सणांना सुट्टी घ्यायची ते ठरवता आहात, असं चित्र मी मनाशी रंगवते. सेवालाल जयंतीला एक दिवस दिला तर राज्याची साखर कडू होणार नाही.

रात्रीचं भरण हे आणखी एक प्रकरण. ट्रॅक्टर रात्री एकला आला तरी उठून भरायचा. अंधारात ओळखीची-बिनओळखीची माणसं, ड्रायव्हर, मुकादमाचे भाऊबंद. कोणी हात धरला तर तिने जायचं कुठे? कायदा म्हणतो, दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी. नसेल तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड. आपल्या कारखान्यात समिती असेलच, फलकही लागला असेल. तो कार्यालयाच्या भिंतीवर आहे आणि ती बाई तिथून वीस कोसांवर आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सगळ्या सरकारांना सांगितलं होतं की या समित्या खरंच आहेत का ते बघा. विद्यापीठांची ही अवस्था, तर फडाची काय सांगावी?

आता आपण म्हणाल, बाई, आम्ही काहीच करत नाही असं नाही. टनामागे दहा रुपये आम्ही गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळाला देतो. खरं आहे. टनाला दहा रुपये म्हणजे किलोला एक पैसा. त्या पैशातून वसतिगृहं निघाली, मुलं तिथे राहू लागली, त्याबद्दल मला मनापासून समाधान आहे, त्यात काही खोट नाही. पण ते महामंडळाला दिल्याने मालकाची कर्तव्यं फिटत नाहीत. वसतिगृहात थोरली राहिली तरी झोळीतलं धाकटं झोळीतच आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तेही कोयता बंदचं आंदोलन पुकारलं तेव्हा. आणि तो वाढीव दरही कोयत्यालाच मिळाला, तिच्या हातात नाही.

आपण असंही म्हणाल की असल्या मागण्या केल्या तर आम्ही हार्वेस्टर आणू. आणा. त्याला सरकारी अनुदान आहे. त्याच्यासाठी आपण शेड बांधता, त्याला वेळेवर तेल-ग्रीस देता, तो बंद पडला की मेकॅनिक बोलावता आणि त्या दिवसाचा खाडा कोणावर लावत नाही. तेवढी बडदास्त आमच्या बाईची ठेवली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या जाचातून शेतकरी सुटावा हा हेतू होता. तो बऱ्याच अंशी साधला. आपण त्या वारशाचे मानकरी आहात आणि 'विना सहकार नाही उद्धार' हे वाक्य आपल्या दारावर रंगवलेलं असतं. त्या सहकारात उसाचा मालक आला, उसाला पाणी देणारा आला. ऊस तोडणारी आली नाही. उचल घेऊन आलेलं माणूस उचल फिटेपर्यंत बांधलेलं असतं, एका हंगामात नाही फिटली तर पुढच्या हंगामालाही. वेठबिगारी तर आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने संपली आहे. मग ही कोणती पद्धत चालू आहे, तेही उलटटपाली कळवावं.

८ मार्च आपल्या हंगामात येतो. आपल्या शिक्षणसंस्थेत त्या दिवशी महिला दिन होतो, साडी-चोळीने सत्कार होतात, आपण जिजाऊ-सावित्रीची नावं घेता. जिजाऊंचं गाव आमच्या शेजारी आहे, साहेब. तिथून आलेली बाई त्याच दिवशी आपल्या संस्थेच्या कुंपणापलीकडच्या फडात पाचट काढत असते. पुढच्या वर्षी सत्काराला तिला बोलवावं. तिला साडी नको. त्या दिवसाचा खाडा लावू नका, तेवढं पुरे.

माझी मागणी एकच आहे. तिचं नाव लिहा. हजेरीच्या वहीत नवऱ्याच्या नावाखाली नाही, वेगळ्या ओळीवर तिचं नाव, तिचं वय, तिचे दिवस आणि तिची मजुरी तिच्या खात्यात. बाकीचं कायदा बघून घेईल, तो करून ठेवलेला आहे. नाव लिहिलं की ८० दिवस मोजता येतात. नाव लिहिलं की किती बायका आहेत ते कळतं आणि पाळणाघर किती मोठं हवं ते ठरतं. नाव लिहिलं की बाळंतपणाची रजा नाकारायला कारण लागतं आणि ते कारण लेखी द्यावं लागतं. आपण इतकी वर्षं नाव का लिहिलं नाही, हे मला कळतं. आपल्या सगळ्या कर्तव्यांची टाळाटाळ त्या एका कोऱ्या ओळीवर उभी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या कामगारांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. तिथे हजर होताना आपल्या वकिलांनी ही वही सोबत न्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सुलतानपूरची एक निवृत्त शिक्षिका

ता. क. हे पुढचं चेअरमनसाहेबांसाठी नाही. ज्या घरांतून यंदाही गाडी निघणार आहे, त्यांच्यासाठी आहे. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामपंचायतीतून मिळतं. ते काढताना बाईचं वेगळं काढा, एका कार्डावर भागवू नका. मुकादमाने कागद पुढे केला तर त्यावर दोघांची नावं घाला आणि कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दिवस गेलेले असतील तर आशाताईंकडून नोंद करून कार्ड सोबत न्या. पिशवी काढायला कोणी सांगितलं तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. फडात कोणी त्रास दिला तर त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडून नेमलेली स्थानिक समिती तक्रार घेते. तीन महिन्यांच्या आत करायची. आणि आमच्या सरपंचांना, ग्रामपंचायत सदस्यांना हात जोडून सांगणं आहे, गाडी निघण्यापूर्वी एकदा तांड्यावर जा आणि प्रत्येक बाईचं नाव लिहून घ्या.